मंडाले नगरीचे दर्शन

पलूसच्या परिसरातून जशी कृष्णा वाहते, तशी ब्रह्मदेशातून, म्हणजेच आजच्या म्यानमारमधून, इरावती नदी वाहते. तिच्या पूर्वतीरावर मंडाले हे त्या देशातील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर आहे. मिंदोन राजाने १८५७ साली ही नगरी वसविली. ती इतकी दूर असूनही तिचे नाव मराठी मनाला परके वाटत नाही.

नगरदर्शनास निघालेला प्रवासी सकाळी प्रथम राजवाड्याकडे वळतो. केवढा तो विस्तार! चौरस कोटाची प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर लांब असून सभोवती पाण्याने भरलेला रुंद खंदक आहे. आतील मूळ राजवाडा सागवानी लाकडाचा होता. १९४५ साली महायुद्धात तो जळून गेला. आज दिसतो तो पुढे नव्याने उभारलेला वाडा होय. २८ मार्च २०२५ रोजी झालेल्या भूकंपात कोटाची भिंतही काही ठिकाणी ढासळली.

इंग्रजी अमलात याच कोटाच्या आत तुरुंग होता. १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य टिळक तेथे बंदिवान होते. राहावयास लाकडी कोठडी आणि सोबतीला ग्रंथ! १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना तेथेच कळली. सुटकेनंतर, १९१५ साली, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दुपारी प्रवासी मंडाले टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या कुथोडॉ मंदिरात येतो. तेथे बौद्धांचे पाली धर्मग्रंथ ७२९ संगमरवरी शिलांवर दोन्ही बाजूंनी कोरलेले आहेत. प्रत्येक शिलेसाठी एक पांढरीशुभ्र देवळी आहे. मिंदोन राजाने १८६८ साली पूर्ण करविलेला हा जणू पाषाणाचा ग्रंथच! अक्षरांवर पूर्वी सोन्याचा मुलामा होता. इंग्रजांनी नगरी घेतल्यावर ते सोने नाहीसे झाले; अक्षरे मात्र राहिली.

सायंकाळी प्रवासी अनवाणी पायांनी टेकडी चढतो. माथ्यावरून पश्चिमेस इरावतीचे विशाल पात्र आणि खाली कोटाचा चौरस स्पष्ट दिसतो. १८८५ साली मिंदोनचा पुत्र थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून या वाड्यातून नेले. पुढे रत्नागिरी येथे त्याला नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथेच १९१६ साली त्याचा अंत झाला. त्याच्यासाठी बांधलेला थिबा राजवाडा रत्नागिरीत आजही उभा आहे. ब्रह्मदेशाचा राजा कोकणात बंदिवान आणि महाराष्ट्राचा लोकनेता मंडालेत; दोघांनाही मायभूमीपासून दूर ठेवणारी सत्ता एकच होती.

ती सत्ता आता उरलेली नाही आणि मूळचा सागवानी वाडाही उरलेला नाही. परंतु राजाने शिलांवर कोरविलेला ग्रंथ मंडालेस येणारे लोक आजही पाहतात आणि बंदिवानाने कोठडीत लिहिलेला ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरी वाचला जातो.