नऊ ते नऊचा पगार : छोट्या मालकांसाठी अनुभवाचे बोल

किमान वेतन ही मालक आणि कामगाराने आपसात ठरवायची रक्कम नाही. सरकार ठरवते त्या दरापेक्षा कमी पगारावर कामगाराने खुशीने सही केली, तरी तो करार कायद्यापुढे टिकत नाही. हा नियम 1948च्या किमान वेतन कायद्यात होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तो कायम आहे. धंदा मंदीत आहे, ही सबबही चालत नाही. केरळातल्या कौलांच्या कारखान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच सांगितले की, किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते.

दर काढताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: उद्योग कोणता, कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल, आणि जागा कोणत्या परिमंडळात. उदाहरणार्थ, बाळकुम ठाणे महापालिकेत येते, तर पूल ओलांडल्यावरचे काशेली भिवंडी तालुक्यात. दुकान इकडे आणि गोदाम तिकडे असणाऱ्यांनी दोन्हींकडे एकच दर गृहीत धरू नये. त्या-त्या उद्योगाच्या अधिसूचनेत परिमंडळाची व्याख्या वाचावी. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि महागाईच्या निर्देशांकानुसार तो जानेवारी व जुलैत बदलतो. बहुतेक छोटे मालक इथेच मागे पडतात. कामगार ठेवताना पाहिलेला आकडा वर्षानुवर्षे तसाच चालू राहतो आणि फरक महिन्यामागून महिना साचत जातो.

त्याहून मोठी गफलत तासांची असते. बाळकुमसारख्या भागातल्या दुकानाच्या हजेरीवहीत ‘9 ते 9’ अशी नोंद आहे आणि दुपारी जेवणाला एक तास मिळतो, असे धरू. काम अकरा तासांचे झाले, सहा दिवसांत 66 तास. आठवड्याचे 48 तास वजा केले की 18 तास जादा काम उरते. त्याची मजुरी दुप्पट दराने द्यायची, म्हणजे ती 36 तासांची होते. एकूण 84 तासांची मजुरी, म्हणजेच किमान वेतनाच्या पावणेदोनपट. ‘आम्ही किमान वेतनापेक्षा दोन हजार जास्तच देतो,’ असे मालक प्रामाणिकपणे सांगतो, पण हा हिशेब मांडला की तो पगार कितीतरी कमी भरतो. शिवाय जादा कामालाही मर्यादा असते. रोजचे बारा तास हा कायमचा शिरस्ता ठेवण्यापेक्षा दोन पाळ्या लावणेच योग्य.

उचल दिली असेल तर ती लिहून ठेवावी. एका महिन्यात सगळी मिळून कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. माळ्यावर झोपायला जागा दिली किंवा दोन वेळचे जेवण दिले, म्हणून मालकाला आपल्या मनाने किमान वेतन कमी करता येत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा. कामगार सोडून गेला किंवा काढला, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करावा. गावाला निघालेल्या माणसाचे पैसे ‘परत आल्यावर बघू’ म्हणून अडवणे हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे. ठेकेदाराकडून माणसे घेतली आणि त्याने पगार बुडवला, तर ती जबाबदारी शेवटी मालकाकडे येते.

दावा झाला की पगार दिल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. रोख दिलेल्या पैशांची सही नसेल, तर खरोखर दिलेला पगारही न दिल्यासारखा ठरू शकतो. म्हणून पगार बँकेतून द्यावा, पगारचिठ्ठी द्यावी आणि हजेरीत आल्या-गेल्याची वेळ रोज लिहावी. दावा दाखल करायला आता तीन वर्षांची मुदत आहे आणि थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो.