जुन्या ज्वारीचे बी व नव्या वाणांची निपज

घाटावर चिखली-मेहकराकडे काय, किंवा घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे काय, ज्या शिवारांत एके काळी खरिपाच्या ज्वारीचे ताटवे उभे असत तेथे आज बहुतेक सोयाबीन व कपाशी दिसते. भाव पाहून पीक बदलणे हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. त्यास आम्ही दोष देत नाही. परंतु पिकाबरोबर घरचे बीही जाते, आणि गेलेले बी पैसे देऊन परत मिळत नाही. याच गोष्टीचा येथे विचार करावयाचा आहे.

नवीन वाण काढणारा शास्त्रज्ञ गुण सहसा नव्याने घडवीत नाही. तो असलेले गुण हुडकून एकत्र करतो. ते गुण कोठे असतात? पिढ्यान्‌पिढ्या एकाच भागात पेरल्या गेलेल्या स्थानिक बियांत. मालदांडी भाकरीस, दगडी टणक दाण्यास, गूळभेंडी व वाणी हुरड्यास अशी जी वाटणी आपल्या वडीलधाऱ्यांनी केली, ती वस्तुतः गुणांची निवडच होय. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही अशाच स्थानिक बियांतून निघाली, आणि आजही रब्बीत ती आपला मान राखून आहे.

१९६४ साली सी. एस. एच.-१ ही देशातील पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढले, हे निर्विवाद. परंतु ती लवकर निसवे, त्यामुळे दाणा भरण्याच्या वेळी पाऊस लागला की कणसावर काळी बुरशी चढे. जुनी खरीप ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावर निसवत असे. दाणा पाऊस सरल्यावर पिके व स्वच्छ राही. हा गुण लहानसा दिसतो, पण बाजारात दर त्यावरच ठरतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. संकरित बी तयार करण्यास नर-वांझ मादी लागते, व हा वांझपणा पेशीद्रव्यातून, म्हणजे केवळ आईकडून, येतो. आपल्या बहुतेक संकरित ज्वारीत हे पेशीद्रव्य ‘मायलो’ नावाच्या एकाच कुळाचे आहे. सारे पीक एका कुळावर टेकले म्हणजे काय होते, हे अमेरिकेने १९७० साली मक्यात पाहिले. एकाच पेशीद्रव्याच्या मक्यावर करप्याची नवी जात तुटून पडली आणि देशाच्या पिकापैकी सुमारे १५ टक्के मका गेला. ज्वारीत मायलोहून निराळे असे जे पेशीद्रव्य सापडले, त्यांपैकी एक आपल्या मालदांडीतलेच आहे. हे बी कोणी टाकून दिले असते तर?

बियांचे हे देणेघेणे देशोदेशी चालते. इथिओपिया व सुदानकडील ‘झेराझेरा’ ज्वारीचे गुण आपल्याकडील सुधारणेत उपयोगी पडले, तर टारफुल्यास दाद न देणारी भारतातील ‘एन-१३’ सुदानच्या वाणांत मिसळण्यात आली. जी गोष्ट ज्वारीची, तीच राळा, भादली, वरई व कोदऱ्याची. ही धान्ये हलक्या जमिनीत व थोड्या पावसात येतात, म्हणून त्यांच्या बियांची किंमत पुढे वाढणारच.

आता आपण काय करावे? गावात एखाद्या म्हातारीच्या उतरंडीत जुने बी असेल तर ते मागून घ्यावे व दोन-चार तासांत वेगळे पेरावे. ज्वारी बहुतांशी स्वपरागित असली तरी काही परका पराग येतोच. म्हणून ते संकरित ज्वारीपासून दोनशे मीटर दूर ठेवावे, किंवा निसवताच कणसांवर कागदी पिशव्या चढवाव्या. बी एकाच भरघोस कणसाचे घेऊ नये. निदान पन्नास झाडांचे घ्यावे, नाही तर विविधता आपल्याच हाताने घटते. बी चांगले वाळवून डब्यात भरावे, व चिठ्ठीवर स्थानिक नाव, गाव, जमीन, पेरणी-काढणीचा काळ व उपयोग लिहावा. नाव-गाव नसलेले बी शास्त्रज्ञास अर्धेच उपयोगी.

त्यातील थोडे अकोल्यास राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या केंद्रास द्यावे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, अदलाबदल करण्याचा, व स्वतःचा वाण नोंदवून घेण्याचा हक्क दिला आहे.

शीतगृहातील बी सुरक्षित राहते. पण बदलत्या पावसाशी जुळवून घेण्यास ते शेतातच उगवावे लागते. यंदाच्या पेरणीत प्रत्येक सभासदाने बांधाकडेचे चार तास जुन्या बियास द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.