साडेपाच तासांचे गूढ

एकच संकेतस्थळ, त्यावरचे एकच पान. पण दोन मोबाइलवर प्रात्यक्षिक परीक्षेच्या दोन निरनिराळ्या वेळा! हे कसे घडले असेल?

प्रसंग आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयाचा. परीक्षा दुपारी ३ वाजता होती. सकाळी १० वाजता ती १ वाजता घेण्याचे ठरले व पान लगेच बदलण्यात आले. मेहकरच्या एका विद्यार्थ्याने ते पान पावणेदहाला पाहिले होते. खात्रीसाठी ११ वाजता त्याने ते पुन्हा उघडले, तेव्हाही वेळ ३ हीच दिसली. तो निवांतपणे नंतरच्या एस. टी.ने निघाला आणि पोहोचला तेव्हा परीक्षा संपली होती. दहानंतर प्रथमच पान उघडणाऱ्यांना मात्र नवी वेळ दिसली होती. ‘मी ११ वाजता पाहिले होते, सर,’ असे तो सांगत होता. मला ते पटले नाही. मी त्याला रागावलो.

ब्राउझरची कोठी

संकेतस्थळाची पाने सर्व्हर नावाच्या संगणकावर असतात. आपला ब्राउझर पान मागवतो, दाखवतो आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवून देतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. हा शब्द रोख पैशाचा नव्हे. तो ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. तेच पान पुन्हा हवे असले की ब्राउझर घरातली प्रत काढून देतो. त्यामुळे वेळ व डेटा वाचतो.

पण घरात साठवलेले सर्वच सारखे टिकत नाही. मीठ वर्षभर राहते, दूध संध्याकाळी तपासावे लागते. म्हणून पानासोबत सर्व्हर त्याची मुदतही कळवतो. मुदत आहे तोवर ब्राउझर सर्व्हरला काही विचारत नाही. ती संपली की ‘पान बदलले का?’ असे विचारतो. बदलले नसेल तर सर्व्हर ३०४ हा संकेतांक पाठवतो आणि जुनीच प्रत पुन्हा वापरली जाते.

आमच्या पानाची मुदत एक तास ठेवली होती. म्हणजे पावणेदहाची प्रत पावणेअकराला शिळी व्हायला हवी. मग ११ वाजता जुनी वेळ कशी दिसली?

मोजून पाहू

दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक ९.४५ वाजता मी संगणकावर ते पान उघडले. एफ-१२ ही कळ दाबून ‘नेटवर्क’ विभागात सर्व्हरचे ‘हेडर्स’, म्हणजे पानासोबत आलेल्या सूचना, वाचल्या. त्यांत दोन वेळा होत्या:

डेट (पान पाठवल्याची वेळ): ०४.१५ जीएमटी
एक्सपायर्स (मुदत संपण्याची वेळ): १०.४५ जीएमटी

वजाबाकी करा. साडेसहा तास, म्हणजे २३,४०० सेकंद! हवे होते ३,६००. जादा किती? १९,८०० सेकंद, म्हणजे बरोबर साडेपाच तास.

हा आकडा तुम्ही भूगोलात भेटलेला आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. दर अंशाला ४ मिनिटे धरली तर ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास होतात. हेडरमधील वेळ नेहमी ग्रिनिच वेळेनुसार, म्हणजे जीएमटीत, द्यावी लागते. आमच्या सर्व्हरवरील प्रोग्रॅमने मात्र भारतीय ९.४५ मध्ये एक तास मिळवला आणि आलेल्या १०.४५ पुढे ‘जीएमटी’ असे लिहून टाकले. त्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमधील प्रत सव्वाचार वाजेपर्यंत ‘ताजी’च राहणार होती. तो खरे बोलत होता.

उपाय

‘अमुक वाजता ये’ असे सांगितले की घड्याळ कोणाचे, हा प्रश्न येतो. ‘तासाभराने ये’ म्हटले की तो उरत नाही. १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ मध्ये यासाठी ‘कॅश-कंट्रोल’ ही सूचना आहे. त्यात ‘मॅक्स-एज=३६००’ असे लिहिले की मुदत सरळ सेकंदांत मिळते. दोन्ही सूचना असल्या तर ब्राउझर मॅक्स-एज मानतो. आम्ही तेच केले. मात्र आधीच मोबाइलवर गेलेल्या प्रती सर्व्हरला परत बोलावता येत नाहीत. तातडीच्या सूचनेचे पान असेल तर ‘रीलोड’ करावे. तेव्हा ब्राउझर सहसा सर्व्हरला विचारतो.

मुदत अनपेक्षित निघण्याची आणखी कारणे अशी:

१. मुदत दिलेलीच नसणे. मग ब्राउझर अंदाज करतो. पान शेवटचे बदलल्याला जितका काळ झाला त्याच्या एक दशांश, हा नेहमीचा अंदाज. दहा दिवस न बदललेले पान असे एक दिवस ताजे ठरू शकते.

२. सर्व्हरवर दोन ठिकाणी वेगवेगळी मुदत लिहिलेली असणे.

३. ‘नो-कॅश’चा अर्थ चुकणे. त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा नसून ‘विचारल्याशिवाय वापरू नका’ असा आहे. साठवूच नये यासाठी ‘नो-स्टोअर’ लिहावे लागते.

तुम्ही सोडवा

हीच चूक न्यूयॉर्कमधील सर्व्हरवर हिवाळ्यात झाली, तर एक तासाच्या मुदतीचे काय होईल? तेथील वेळ जीएमटीच्या ५ तास मागे असते. वजाबाकी केलीत की लक्षात येईल, की पान हाती येण्यापूर्वीच त्याची मुदत ४ तास आधी संपलेली असेल. साठा असून नसल्यासारखा!

प्रयोगात उत्तर चुकले की आपण म्हणतो, चूक किती ते आधी मोजा. मग चूक करणारा सापडतो. त्या विद्यार्थ्याची परीक्षा नंतर घेतली गेली. रागावण्याआधी मीही मोजायला हवे होते.