चेनसॉ स्वस्त घ्या, पण दुरुस्ती शिकूनच
3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात आपल्या दापोली तालुक्यात माड, पोफळी, आंब्याची कलमं आडवी झाली. तेव्हा चेनसॉवाल्याची किंमत कळली. पण मशीन घेतली म्हणजे धंदा झाला असं नाही.

दुकानात येणाऱ्या ‘बंद’ मशीनला बहुतेक वेळा मोठा आजार नसतोच. टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटर चोंदवतं. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करा. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जातो. माहितीपुस्तकात 25:1 असेल, तर 1 लिटरला 40 मिली टू-टी ऑइल. लाकडाच्या कपच्यांऐवजी पीठ पडायला लागलं? चेन बोथट झाली, गोल कानस मारा. बारच्या टोकाने कापू नका. मशीन उसळून अंगावर येते.

एवढं हाताला बसलं की मगच गिऱ्हाईक घ्या.