मुलाचे पाय पाळण्यात दिसतात

बाराव्या दिवशी बारसे होते. बायका जमतात. बाळाला पाळण्यात घालतात. कानात नाव सांगतात. घुगऱ्या वाटतात. पाळण्यात घालण्याचा असा सोहळा होतो. पण बाळाला पाळण्यातून काढायचे केव्हा? त्याला मुहूर्त नाही. तो दिवस आपणच ओळखावा लागतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. नातवाला सातवा महिना लागला होता. पाळणा माजघरात कडीला टांगलेला. बाळ पालथे पडू लागले होते. सूनबाई म्हणाली, "बाबा, याला आता खाली निजवू या का?" आम्ही म्हणालो, "असू दे गं. अजून तान्हंच आहे की! आम्ही सगळे पाळण्यातच वाढलो."

आठ दिवसही गेले नाहीत. एके दुपारी धप्प आवाज झाला. बाळाने कड धरून उठायला पाहिले, पाळणा कलला आणि बाळ फरशीवर पडले. कपाळाला मोठे टेंगूळ आले. लगेच दवाखान्यात नेले. दैव चांगले म्हणून एवढ्यावर निभावले. चूक आमची होती. बाळाने आधीच सांगितले होते. आम्ही ऐकले नाही.

बाळ कसे सांगते? आपल्यात म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ते पाय खरोखरच पाहावेत. बहुतेक बाळे चौथ्या ते सहाव्या महिन्यात कुशीवर वळतात, पालथी पडतात. पुढे हातांवर व गुडघ्यांवर अंग उचलतात. मग बसू लागतात. यांतली एक जरी खूण दिसली, तरी पाळणा सोडावा. महिने मोजत बसू नये. झोळीही सोडावी. झोळीत हनुवटी छातीला टेकते, कापड तोंडावर येते आणि श्वास कोंडतो.

मग निजवावे कोठे? कठड्याची खाट असली तर उत्तम. दोन गजांमधली फट पट्टीने मोजावी. ती ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. जास्त असली तर बाळाचे अंग बाहेर सरकते आणि डोके अडकते. गादी कठड्याला घट्ट लागून असावी. बाळ उभे राहू लागण्याआधी गादी खालच्या पातळीवर आणावी. खाट जुनी, कोणी दिलेली असेल, तर स्क्रू हलवून पाहावेत.

खाट नसली तरी अडत नाही. आईच्या खाटेजवळ जमिनीवर सतरंजी व पातळ, घट्ट गादी घालावी. मोठ्यांच्या खाटेवर दोन्ही बाजूंना उशा लावून बाळाला एकटे ठेवू नये. उशी पडणे थांबवत नाही. उलट तीत तोंड रुतून श्वास बंद होऊ शकतो.

पहिले वर्षभर बाळाला उताणेच निजवावे. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी अंथरुणात नकोत. गळ्यात दोरा किंवा माळ नको. मच्छरदाणी ताणून बांधावी. मोबाईलची वायर आणि पडद्याची दोरी हाताला येईल अशी ठेवू नये.

नव्या जागी बाळ रडेल. पाळण्याचा झोका त्याला आठवणारच. म्हणून सुरुवात दुपारच्या झोपेपासून करावी. डोळे जड झाले की खाली ठेवावे. अंगावर हात ठेवून नेहमीचेच गाणे म्हणावे. चार-आठ दिवसांत सवय होते. मात्र बाळ पालथे पडत असेल, तर सवयीची वाट पाहू नये. त्याच दिवशी पाळणा बंद करावा.

आणि एवढे करूनही बाळ कोठून पडले, तर? उलट्या होणे, सारखी गुंगी येणे, झटके येणे, यांपैकी काही दिसले तर क्षणभरही थांबू नये. सरळ दवाखाना गाठावा.

आमचा रिकामा पाळणा आम्ही माळ्यावर ठेवला. ठेवताना सूनबाई काही बोलली नाही. आम्हीच म्हणालो, "तुझं ऐकायला हवं होतं."

अभ्यास
१. पाळणा सोडण्याच्या तीन खुणा लिहा.
२. पट्टीवर ६ सेंटीमीटर मोजून रेघ काढा. घरातल्या खाटेच्या गजांमधली फट तिच्याशी ताडून पाहा.
३. बाळाजवळ उशी का ठेवू नये? दोन ओळींत लिहा.
४. हा धडा शेजारच्या घरी वाचून दाखवा.