मालक खूश, म्हणून गाडी चांगली?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. गाडी घेताना जे. डी. पॉवर या कंपनीच्या ग्राहक-पाहणीवर कितपत विसंबावं?

उत्तर : आधी पाहणी कोणती ते बघा. त्यांची ‘इनिशिअल क्वालिटी’ पाहणी पहिल्या 90 दिवसांतल्या तक्रारी मोजते, दर 100 गाड्यांमागे किती, अशा हिशेबाने. नव्या नवलाईच्या त्या तीन महिन्यांत गिअरबॉक्स सहसा बोलत नाही. बोलतो तो टचस्क्रीन. फोन ब्लूटूथला जोडला जात नाही, ही एक तक्रार. इंजिन बंद पडतं, हीही एकच. आकडा दोन्हींना सारख्याच मापाने तोलतो. त्यामुळे बटणं-पडद्यांनी भरलेली महागडी गाडी साध्या गाडीच्या मागे पडू शकते, यंत्र उत्तम असूनही.

मालक किती खूश, हे मोजणाऱ्या पाहणीतलं समाधान तर आणखी निसरडं. ते अपेक्षेवर ठरतं. शिवाय कर्ज काढून घेतलेल्या गाडीला नावं ठेवायला जीभ सहज रेटत नाही, आपणच पसंत केलेल्या स्थळासारखंच!

जे. डी. पॉवरचीच तीन वर्षांच्या गाड्यांची ‘डिपेंडेबिलिटी’ पाहणी जास्त कामाची, पण तीही मालकाच्या सांगण्यावरच. जर्मनीत एडीएसी ही वाहनचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांसाठी आलेल्या बोलावण्यांवरून यादी काढते. तिथे मालकाच्या मताचा प्रश्नच उरत नाही. अर्थात बॅटरी उतरली तरी ती नोंद होतेच.

जुनी गाडी घेत असाल तर तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकी सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणं) बाकी आहे का, ते फुकट तपासा. आणि सौद्याआधी ती स्वतंत्र मेकॅनिककडे न्या.