प्रेअरीवरच्या वादळांचा मुहूर्त

१. मे महिन्याच्या मोहात पडू नये. अमेरिकेच्या मधल्या सपाट पट्ट्यात टोर्नेडो सर्वाधिक होतात ते मेमध्ये, म्हणून सगळे तेव्हाच सुट्टी टाकतात. पण फोटो काढणाऱ्याला टोर्नेडो नको असतो, ढग हवा असतो. वसंतातली वादळं फार वेगानं पळतात. कॅमेरा लावून होईपर्यंत पुढच्या जिल्ह्यात पोचतात. जूनमध्ये जेट स्ट्रीम उत्तरेला सरकते, वरचे वारे मंदावतात आणि ढग रेंगाळू लागतात. शिवाय कॅन्ससमधला गहू जूनमध्येच पिकतो. पिवळ्याधमक शेतावर काळानिळा ढग हवा असेल, तर जूनचा दुसरा-तिसरा आठवडा धरावा.

२. तारखा ठरवाव्यात, गाव ठरवू नये. मेच्या अखेरीस वादळं ओक्लाहोमा आणि उत्तर टेक्ससमध्ये, जूनमध्ये कॅन्सस-नेब्रास्कात, जुलैत डाकोटात आणि सीमेपलीकडे सास्काचेवान, अल्बर्टात. हा ढोबळ हिशेब. एखादा उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला की आठवडाभर आकाश कोरडं ठणठणीत. म्हणून दहा-बारा दिवस हाताशी असावेत. मी डेन्व्हरला उतरतो, कारण तिथून उत्तर, पूर्व, दक्षिण कुठेही वळता येतं. मोटेल दुपारी, वादळ कुठे चाललंय ते पाहून.

३. सर्वांत वाईट अंदाजाचा दिवस फोटोसाठी सर्वांत चांगला नसतो. ओक्लाहोमात नॉर्मनला असलेलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आठ दिवसांपर्यंतचा अंदाज देतं, आणि जवळच्या दिवसांसाठी धोक्याच्या पाच पातळ्या. सर्वांत वरच्या पातळीला वादळं एकमेकांत मिसळून पावसाची भिंत होते आणि रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. मला खालून दुसरी, 'स्लाइट', पुरते.

वळवाच्या पावसात वाढलेल्या माणसाला इथली दुपार ओळखीची वाटेल: उकाडा, घाम, मग पश्चिमेला फुटणारा ढग. पण आपला वळीव बहुधा तासाभरात रिकामा होतो, कारण त्याचा पाऊस त्याच्याच वर चढणाऱ्या हवेवर कोसळतो. प्रेअरीवर मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारा जमिनीलगत येतो आणि उंचावर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. या फरकामुळे ढग स्वतःभोवती फिरू लागतो, पाऊस एकीकडे पडतो, हवा दुसरीकडून चढते. अशी सुपरसेल तास न् तास जगते. मधल्या थरातली उबदार कोरडी हवा मात्र झाकणासारखी बसते. ते झाकण उडालं तर बहुधा चारनंतर. उडालंच नाही, तर दिवसभराची वणवण फुकट. त्यावर इलाज नाही.

४. खरं काम संध्याकाळी सातनंतर. जूनच्या अखेरीस डॉज सिटीला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. वादळ पूर्वेला निघून गेलेलं आणि ऊन पश्चिमेकडून आडवं येत असताना ढगाच्या पोटाला लोंबणाऱ्या थैल्या, मॅमेटस, केशरी होतात. बहुतेक लोक वादळाच्या पुढे पळत असतात. मी मागे थांबतो. माझ्या मते प्रेअरीचं उत्तम आकाश वादळाच्या पाठीलाच असतं. विजांसाठी रात्र: ट्रायपॉड, आयएसओ २००, एफ/८, दहा ते वीस सेकंद, एकामागून एक. नेब्रास्कात मध्यरात्रीनंतरही वादळं जोर धरतात, त्यामुळे दुपारी झोपून घ्यावं.

५. परतीचा रस्ता आधी, फ्रेम नंतर. ३१ मे २०१३ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडोनं एकाएकी दिशा बदलली. त्यात टिम सॅमारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. सॅमारास हौशी नव्हते. वर्षानुवर्षं टोर्नेडोचा अभ्यास करणारे संशोधक होते. इथे मैला-मैलावर आडवे-उभे रस्ते असतात, पण कच्चा रस्ता भिजला की गाडी रुतलीच. वीज चमकल्यावर तीस सेकंदांत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. कॅमेरा बाहेर राहू द्यावा, आपण गाडीत.

६. गारा. साउथ डाकोटात व्हिव्हियन इथे २३ जुलै २०१०ला वीस सेंटिमीटर व्यासाची गार पडली होती. सुपारीएवढ्या गारांनीही टपाला खळगे पडतात, म्हणून गाडी भाड्यानं घेतानाच विम्यात गारांचं नुकसान धरलंय का ते विचारावं. काउंटरवरचा माणूस हमखास विचारतो, कुठे निघालात? मी 'पूर्वेला' एवढंच सांगतो.